वीस टाके, वीस वरंबे

उचगावला कापडाचं अप्रूप नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर तावडे हॉटेलच्या चौकात एसटी थांबली की निम्मे प्रवासी कोल्हापुरात शिरतात आणि उरलेल्यांतले बरेच जण उलट्या दिशेला, उचगाव-गांधीनगरच्या रस्त्याला लागतात. जाताना पिशव्या रिकाम्या, येताना फुगलेल्या. लग्नाचा बस्ता, दुकानासाठीचा घाऊक माल, गणवेश, पडदे, चादरी, बनियन, टी-शर्ट, सगळं त्यात असतं. गांधीनगरची पेठ उचगावच्या हद्दीला इतकी चिकटून वाढली आहे की गाव कुठं संपलं आणि बाजार कुठं सुरू झाला, हे नवख्याला विचारावंच लागतं.

ही पेठ जिथं उभी राहिली त्या वळिवड्याच्या माळावर 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत मुलखातून सुटून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकी मिळाल्या. त्यांनी कापडाचा व्यापार मांडला. पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. तिथं 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, पाठीशी जहागीरदार नारायणराव घोरपडे होते. पश्चिमेला खुद्द कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेली कापड गिरणी, जिच्या भोंग्यावर शहरातली घड्याळं लागायची. गिरणी आता बंद आहे; माग चालूच आहेत. या टापूत कापड ताग्यानं आणि गाठीनं मोजतात.

अशा ठिकाणी हातानं विणलेल्या, दहा सेंटिमीटर लांब-रुंद सुती चौकोनावर कुणी लेख लिहावा म्हणजे जरा थट्टेचाच विषय. पेल्याखाली ठेवायचा कोस्टर तो. गांधीनगरात छापील कोस्टरचा संच घेतला तर घासाघीस करायलाही फार वाव नसतो, इतका तो स्वस्त. तरीही सुया हातात धरून विणकाम शिकायचं असेल, तर सुरुवात याच चौकोनापासून करावी असं माझं ठाम मत आहे. मफलरपासून तर अजिबात करू नये.

मफलरचं सांगतो. आपल्याकडे विणायला शिकवायचं म्हणजे लोकरीचा गुंडा हातात द्यायचा आणि ‘सरळ सरळ विणत राहा, मफलर होईल’ म्हणायचं, असा रिवाज. नाहीतर घरात पाळणा हलणार असला की बाळाचं टोपडं आणि मोजे. टोपड्याला माप लागतं, मोज्याला टाच लागते, आणि मफलरला लागतो न संपणारा धीर. पहिल्या वीतभरात टाके वाढतात, दुसऱ्या वीतभरात गळतात, आणि तोवर कोल्हापूरची थंडी संपते. ती असतेच किती? डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आणि रात्री. मग गुंडा, सुया आणि अर्धा मफलर पिशवीत घालून कपाटावर जातात. कितीतरी घरांत कपाटावर अशी पिशवी सापडेल.

कोस्टर एका-दोन संध्याकाळी पुरा होतो. त्याला अंगाचं माप नाही, बाही नाही, गळा नाही. वाकडा झाला तरी पेला त्यावर उभा राहतो. पण खरं कारण याहून पुढचं आहे. जाणत्या विणकरणी मोठ्या कामाआधी एक लहान चौकोन विणून बघतात: या सुईवर, या धाग्यानं, आपल्या हातून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते. नवशिके हा नमुना हमखास टाळतात, कारण तो विणून उसवायचा असतो आणि उसवण्यासाठी विणायचं कुणाच्याही जिवावर येतं. कोस्टर म्हणजे तोच नमुना, फक्त कामाला लावलेला. सहा कोस्टर विणणाऱ्या बाईनं नकळत सहा नमुने तपासलेले असतात.

आता धाग्याकडे येऊ. इचलकरंजीच्या मागावरचं कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांचं. शेकडो उभे धागे बीमवर ताणून बसवलेले, त्यांच्यातून आडवा धागा जातो-येतो. एकेक धागा वेगळा, आणि ताण हा त्या कापडाचा प्राण. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासात अडकतो, त्या फासातून पुढचा फास निघतो. म्हणून मागावरचं कापड कात्रीनं कापावं लागतं आणि विणलेलं एक टोक ओढून अख्खं उसवता येतं. म्हणूनच ते ताणलं जातं. गांधीनगरात ढिगानं विकला जाणारा टी-शर्ट नीट डोळ्यांजवळ धरून पाहा: तो मागावरचा नाही, विणलेलाच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसानं 1589 मध्ये मोजे विणायची चौकट केली. आजची होजिअरी तिच्याच वंशातली. तमिळनाडूतल्या तिरुपूरची होजिअरीची यंत्रं जे करतात आणि दोन सुया जे करतात, त्यात रचनेचा फरक नाही. फरक वेगाचा आहे.

सुताच्या पेठेत राहतो म्हणजे विणायचं सूत दारातच मिळेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. मागाचं सूत फार बारीक. सुताचा नंबर जुन्या इंग्रजी हिशेबानं ठरतो: 840 यार्डांच्या किती लडी मिळून एक पौंड वजन भरतं, तो त्याचा नंबर. 20 नंबरच्या सुताचा एक ग्रॅम धागा चौतीस मीटरच्या आसपास लांब असतो. विणायला सोयीचं मध्यम जाडीचं सूत मात्र ग्रॅमला दोन-सव्वादोन मीटरच भरतं. म्हणजे मागाच्या 20 नंबरचे पंधराएक पदर एकत्र धरावे तेव्हा कुठं एक विणायचा धागा होणार. शिवाय उभ्या धाग्याला मागावरची ओढ सोसायची असते, म्हणून त्याला पीळ कडक देतात आणि सायझिंगमध्ये खळ चढवतात. असा धागा बोटांना काचतो. विणायचं सूत कमी पिळाचं, मऊ आणि अनेक पदरी हवं. कोल्हापुरात महाद्वार रोडसारख्या बाजारात भरतकाम-विणकामाच्या साहित्याच्या दुकानांत ते मिळतं. दुकानदाराला ‘लोकर नको, निटिंगचं कॉटन द्या’ असं स्पष्ट सांगायचं. नाहीतर तो सवयीनं लोकर काढतो.

आणि त्या लोकरीत बहुतेक वेळा मेंढी कुठं नसतेच. बाजारात लोकर म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात ते बहुतांशी अॅक्रिलिक, म्हणजे पेट्रोलियमच्या पोटातून आलेला धागा. थंडीत घालायला तो ठीक. पेल्याखाली मात्र निकामी: पाणी शोषून घ्यायला नाराज, आणि चुलीवरून उतरवलेलं गरम भांडं त्यावर ठेवलं तर वीण कायमची लोळागोळा. सुताचं उलट आहे. ते पाणी पितं, उष्णतेनं वितळत नाही, आणि ओलं झालं की आणखी मजबूत होतं. ओल्यात ताकद वाढणारे धागे फार नाहीत. धोबीघाटावर सुती कपडा आपटला तरी टिकतो तो यामुळेच.

सुतातही दोन जाती समोर येतील. एक मंद, बिनचमकेचं. दुसरं रेशमासारखं चकाकणारं, मर्सराइज्ड. जॉन मर्सर या इंग्रजानं सूत कॉस्टिक सोड्यात बुडवलं की काय होतं ते 1844 मध्ये पाहिलं आणि 1850 मध्ये पेटंट घेतलं. धागा ताणून धरून तेच केलं की चमक येते, हे पुढं होरेस लो यानं दाखवलं. चकाकतं सूत रंगाला देखणं, तोरणाला उत्तम. नवशिक्याच्या सुईवरून मात्र ते सटकतं. पेल्याखाली साधंच बरं.

हा कापूस इथला नव्हे, हेही सांगून टाकायला हवं. पंचगंगेच्या काठची काळी जमीन उसाची. कापूस येतो विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून. कोल्हापूर जिल्हा तो पिकवण्यापेक्षा त्याचं कापड करण्यासाठी ओळखला जातो.

कोस्टर ही वस्तू आपल्याकडे उशिरा आली याचं कारण घराच्या रचनेत आहे. पाटावर बसून जेवणाऱ्या, शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर तांब्या ठेवणाऱ्या घरात पाण्याचं वर्तुळ उमटलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पॉलिश केलेला टीपॉय आला, त्यावर काच किंवा सनमायका आली, मग पेल्याखाली काहीतरी असावं असं वाटायला लागलं. त्याआधी विणलेली वस्तू भांड्यावर असायची. क्रोशाची गोल जाळी, कडेला मणी लावलेले म्हणजे वाऱ्यानं उडू नये, खाली दुधाचं पातेलं किंवा तांब्या. देवघरात आसन, दारावर तोरण, पुढं टीव्हीवर रुमाल. भांड्याच्या खाली जायचा मान क्रोशाला नव्हता. तो होता चुंबळीला. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून केलेलं ते कडं डोक्यावर घागरीखाली असायचं आणि घरात आल्यावर गोल बुडाच्या भांड्याखाली. भांडं डगमगू द्यायचं नाही, पाझरलेलं पाणी टिपायचं, वाळायचं, पुन्हा कामाला लागायचं. कोस्टर आपल्याकडे परका वाटत असेल तर त्याची ही थोरली बहीण आठवावी.

मे महिन्यात फ्रिजमधून काढलेल्या पाण्याचा, ताकाचा किंवा सोड्याचा पेला दोन मिनिटांत बाहेरून घामेजतो. हवेतली वाफ थंड स्टीलवर पाणी होऊन ओघळते आणि बुडाशी जमते. प्लास्टिकच्या गुळगुळीत चकतीवर हे पाणी तसंच राहतं, पेल्याचं बूड आणि चकती यांच्यात पातळ पडदा तयार होतो, आणि पेला उचलला की चकतीही बरोबर वर येते. अर्ध्या वाटेत ती सुटते आणि पाहुण्यांच्या मांडीवर पडते. सुती विणीवर असं होत नाही. पाणी धाग्यात आणि फासांच्या मधल्या पोकळ्यांत जातं, बूड उंचवट्यांवर टेकलेलं राहतं आणि मधून हवा खेळते. मात्र चिंब झालेला कोस्टर लाकडावर तसाच ठेवला तर डाग पडणारच. तो बदलायचा असतो. म्हणून घरात संच लागतो.

त्या उंचवट्यांची वीण सगळ्यांत सोपी आहे. प्रत्येक सुईला, म्हणजे प्रत्येक ओळीला, सगळे टाके सुलट. उलट टाका शिकायचीही गरज नाही. काम वळवून पुन्हा सुलट विणलं की दोन ओळींचा मिळून एक आडवा उंचवटा तयार होतो आणि दोन उंचवट्यांमध्ये खोलगट पट्टी राहते. उसाच्या रानातले सरी-वरंबेच ते. म्हणून त्यांना इथून पुढं वरंबेच म्हणतो. दोन्ही बाजूंनी कापड सारखं दिसतं आणि सपाट पडून राहतं. याउलट एक ओळ सुलट, एक उलट अशी स्वेटरची गुळगुळीत वीण घेतली तर चौकोनाच्या कडा आपोआप गुंडाळायला लागतात. कारण टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारख्या ओढीची नसते. पाहिजे तितकी इस्त्री करा, पहिल्या धुण्याला कड पुन्हा वळणार. ‘माझंच काहीतरी चुकतंय’ असं वाटून किती जणींनी काम सोडलं असेल! चूक त्यांची नसते, विणीची निवड चुकलेली असते.

साहित्य असं. मध्यम जाडीचं सूत, 50 ग्रॅम. 8 नंबरच्या दोन सुया, म्हणजे 4 मिलिमीटरच्या. आपल्याकडे सुयांचे नंबर अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: 10 नंबर सव्वातीन मिलिमीटरची, 8 नंबर चारची. परदेशातून आलेला नमुना बघून विणणाऱ्यानं मिलिमीटरच पाहावेत, नाहीतर घोटाळा ठरलेला. अॅल्युमिनियमच्या सुया सगळीकडे मिळतात. बांबूच्या मिळाल्या तर पहिल्या कामाला घ्याव्यात, त्यांवरून टाके सहज घसरत नाहीत. शिवाय बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई आणि कात्री. बस्स.

आधी टाके घालायचे, वीस. सुताच्या टोकापासून अर्धा मीटर धागा सोडून सरकगाठ मारायची आणि अंगठ्यावर धागा घेऊन एकेक टाका उजव्या सुईवर चढवायचा. अर्ध्या मीटरचा हिशेब असा की पहिल्या काठाला काठाच्या सुमारे तिप्पट धागा जातो, म्हणजे दहा सेंटिमीटरला तीस. उरलेला शेवटी खोचायला. सगळ्यांचे हात पहिल्यांदा आवळून टाके घालतात. लोकर ताणली जाते म्हणून ते खपून जातं. सूत ताणलं जात नाही, मग दुसरी सुई आत शिरत नाही आणि बोटं दुखायला लागतात. उपाय जुना आणि पक्का: टाके घालताना दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर घालायचे आणि मग एक सुई ओढून काढायची.

सुलट टाका शब्दांत सांगणं म्हणजे सायकल चालवायचं पत्रानं कळवण्याचा प्रकार, तरी सांगतो. टाक्यांची सुई डाव्या हातात. धागा कामाच्या मागे. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात डावीकडून, पुढून मागे घालायचं. मागच्या टोकावर धागा खालून वर घेऊन फिरवायचा. तो फास टाक्यातून पुढं ओढून आणायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. हे वीस वेळा झालं की एक ओळ. सुया हातांत अदलाबदल करायच्या, पुन्हा तेच. पहिल्या तीन-चार ओळी कुरूप होतात. होऊ द्याव्यात. पाचव्या-सहाव्या ओळीला बोटं आपणहून धागा सांभाळायला लागतात. सूत लवचीक नसल्यानं ते हाताची प्रत्येक ढिलाई जशीच्या तशी दाखवतं, आणि शिकायला हीच गोष्ट उपयोगी पडते. लोकर चुका झाकते.

या विणीत एक गंमत आहे. एका टाक्याची रुंदी आणि एका वरंब्याची उंची साधारण सारखी भरते. म्हणून वीस टाक्यांचा चौकोन हवा तर वीस वरंबे मोजायचे, म्हणजे चाळीस ओळी. पट्टी नको, टेप नको. खात्री करायची तर रुमाल तिरका दुमडतो तसं सुईवरचंच काम एका कोपऱ्यापासून तिरकं दुमडून बघावं. कडा जुळल्या की चौकोन झाला. कमी पडला तर एखादा वरंबा आणखी. त्या वेळी कापड मोजावं लागत नाही, हाताचं माप मात्र कळतं: एखादीचे वीस टाके नऊ सेंटिमीटर भरतील, दुसरीचे अकरा. पुढं बाळाचा स्वेटर विणताना हाच आकडा कामाला येतो.

चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यांत मोठी म्हणजे टाके वाढणं. वीसचे बावीस, बावीसचे पंचवीस, आणि चौकोनाऐवजी घागऱ्याचा आकार. हे बहुधा ओळीच्या सुरुवातीला होतं. काम वळवल्यावर धागा सुईच्या वरून मागे टाकला की पहिला टाका ओढला जाऊन त्याचे दोन पाय दिसतात आणि नवशिका ते दोन टाके समजून विणतो. धागा खालून मागे न्यायचा, आणि पहिले काही दिवस प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायचे. दुसरी चूक, टाका गळणं. गळलेला टाका खालच्या ओळींत शिडी करत उतरतो. क्रोशाच्या आकड्यानं तो पकडून पायरी-पायरीनं वर आणता येतो. सूत लोकरीपेक्षा गुळगुळीत असल्यानं तो वेळीच पकडावा. तिसरी, सुईचं टोक धाग्याच्या पदरांमध्ये घुसून अर्धाच धागा उचलला जाणं. अनेक पदरी सुताला हा रोगच आहे. जरा बोथट टोकाची सुई आणि चांगला उजेड, एवढंच औषध.

टाके बंद करताना दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून पलीकडे टाकायचा, पुन्हा एक विणायचा, पुन्हा तेच. इथंही हात आवळतो आणि वरची कड खालच्यापेक्षा आखूड होते. एक नंबर जाड सुई घेतली की प्रश्न मिटतो. धाग्याची टोकं पंधराएक सेंटिमीटर तरी ठेवावीत आणि बोथट सुईनं वरंब्यांच्या आतून एकदा इकडं, एकदा तिकडं अशी खोचावीत. लोकरीचं टोक रेशांना धरून बसतं. सुताचं गुळगुळीत टोक एका धुण्यात बाहेर डोकावतं. गाठ मारली तर पेला तिच्यावर डुगडुगतो, म्हणून गाठ नकोच.

एका कोस्टरमध्ये आठशे टाके, आणि सूत सोळा-अठरा मीटर, वजनाला आठ ग्रॅमच्या आसपास. 50 ग्रॅमच्या गुंड्यात जेमतेम सहा बसतात. सातव्याच्या वेळी सूत कमी पडतं, आणि तेव्हा दुसरा रंग जोडायला शिकायची वेळ आपोआप येते. जोड नेहमी कडेला द्यावा.

दुसऱ्या-तिसऱ्या कोस्टरला उलट टाका घ्यावा. एकवीस टाके, विषमच हवेत. प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट, सुरुवात नेहमी सुलटनं. सुलटवर उलट आणि उलटवर सुलट येत जातं आणि कापडावर दाणे उठतात. चौथ्याला तिरका विणावा. चार टाक्यांवर सुरुवात, प्रत्येक ओळीत कडेजवळ धाग्याचा एक वेढा घेऊन एक टाका वाढवत जायचं, कड हवी तेवढी लांब झाली की प्रत्येक ओळीत एक टाका कमी करत परत चारवर यायचं. यात आधीचं माप लागतच नाही. अमेरिकेत ही पद्धत भांडी पुसायच्या सुती फडक्यासाठी घरोघरी चालते आणि तिथं नवशिक्यालाही ती शिकवतात. काठाला जाळीही आपोआप पडते.

आपल्याकडे क्रोशा अधिक रुळला आहे, हे खरं. गोल कोस्टर क्रोशावरच लवकर होतो: साखळीचं कडं, त्यात सहा मुके खांब, मग प्रत्येक फेरीत सहा-सहा वाढवत जायचं. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर झालर. क्रोशाचा एक अभिमान विणकामाला नाही: खऱ्या क्रोशाची नक्कल करणारं यंत्र बाजारात आलेलं नाही, तर सुयांचं काम यंत्रानं चारशे वर्षांपूर्वीच उचललं. तरी पेल्याखाली मला सुयांची वीण अधिक पसंत आहे. ती क्रोशापेक्षा मऊ, पाणी प्यायला उतावीळ आणि पेल्याला सपाट.

हे काम सुतातच सुरू झालं असावं, असं म्हणायला जागा आहे. आज हाती असलेल्या सुयांवरच्या विणकामाच्या सर्वांत जुन्या तुकड्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळे-पांढरे सुती मोजे येतात. त्यांचा काळ अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचा मानतात. ज्या जुन्या कैरोत, फुस्तातला, गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडे निघाले, त्याच मुलखातले हे मोजे. युरोपातल्या थंडीनं विणकामाला लोकर चढवली, आणि मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून ते आपल्याकडे आलं ते लोकर घेऊनच. त्यामुळे थंडी नसलेल्या गावांतही विणकाम म्हणजे लोकर, असं समीकरण बसलं. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटरचे ढीग घेऊन शहरात बसतात, त्यांच्याशी स्पर्धा करायची गरज उचगावच्या सुनेला मुळात नव्हतीच. इथल्या हवेला सूत हवं होतं.

बचत गटांच्या प्रदर्शनात हल्ली विणलेले कोस्टर दिसतात, आणि तिथं मला एक गोष्ट खटकते. सुताची किंमत अधिक थोडा नफा, असा भाव लावलेला असतो. हाताच्या वेळेचा हिशेब धरलेलाच नसतो. आठशे टाक्यांना सरावलेल्या हातालाही अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे सहाच्या संचाला तीन-चार तासांची मजुरी. ती धरली तर भाव छापील कोस्टरच्या कितीतरी पट जातो आणि गिऱ्हाईक निघून जातं. मजुरी सोडून विकण्यापेक्षा न विकलेलं परवडलं. भेट द्यावा, घरी वापरावा. विकायचाच तर हातमागाचं कापड ओळखून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, पूर्ण भावानं.

वापराबद्दल थोडं. पहिल्या धुण्याला सूत आखडतं, म्हणून दहा सेंटिमीटर हवा असेल तर किंचित मोठाच विणावा. गडद लाल आणि निळ्या सुताचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतो. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवलं की रंग पक्का होतो हा समज आहे, त्यापेक्षा वेगळं धुवावं. पांढरा कोस्टर कोल्हापुरी जेवणाच्या टेबलावर ठेवू नये. तांबड्या रश्श्याची वाटी कधीतरी त्यावर येणारच. हळदीचा डाग साबणानं आधी लालसर होतो, तेव्हा घाबरू नये. उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत फिका पडतो. तेलाचा मात्र राहतो. पावसाळ्यात ओले कोस्टर एकावर एक रचले तर सुताला बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते दोरीवर चिमट्यानं टांगावेत किंवा पूर्ण वाळवून सरळ बांगडीच्या डब्यात बंद करून ठेवावेत आणि स्टीलच्या पेल्याखाली चुंबळ नाही तर वर्तमानपत्राची घडी चालवून घ्यावी.

सहा झाल्यावर पुढं काय, असं विचारलं तर रुंदी वाढवावी. चाळीस टाक्यांवर चाळीस वरंबे म्हणजे ओट्यावरचं फडकं. साठ टाक्यांवर गरम पातेल्याखाली घालायचं जाड आसन, त्यासाठी सूत दुहेरी धरायचं आणि सुई 5 नंबरची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची घ्यायची. दुहेरी सुताला दर दहा सेंटिमीटरला टाके कमी बसतात, हे एव्हाना हाताला ठाऊक असतं. मफलर त्यानंतर. तोही सुताचाच विणावा. कोल्हापूरच्या थंडीला तेवढा पुरतो.